पोत्यांच्या खोलीतला ड्रम

घरी ड्रम रेकॉर्ड करायचा तर काय काय लागतं, असं मला हल्ली लोक विचारतात. शेलूबाजारच्या आसपास ड्रम वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके, पण जितके आहेत तितके सगळे फोन करतात. मी त्यांना माइकचं सांगतो, पडद्यांचं सांगतो, मोठ्या ड्रममध्ये उशी कशी कोंबायची ते सांगतो. सगळ्यात आधी काय लागतं ते मात्र शेवटी सांगतो, कारण ते ऐकलं की पलीकडचा माणूस हसतो आणि बाकीचं ऐकत नाही. सगळ्यात आधी सोयाबीन लागतं. भरपूर.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळेपर्यंत मी इतकं शहाणपण वाटून बसलो होतो की ते परत मागवायची सोय नव्हती.

मी शाळेत क्लार्क आहे. दिवसभर दाखले, हजेरीपट आणि शिक्के. सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. लग्नाचं रिसेप्शन, भीमजयंतीचा कार्यक्रम, कुणाच्या वाढदिवसाचा मंडप. ड्रम ऑर्केस्ट्राचा, काठ्या तेवढ्या माझ्या. मग कारंज्याचा एक ऑर्केस्ट्रा आपसात भांडून मोडला आणि त्यांचा ड्रमसेट विकायला निघाला. जुना ड्रम घेताना लाकडाला चीर गेली आहे का, कडं वाकलं आहे का, स्क्रू फिरतात का, हे पाहायचं असतं. मी फक्त रंग पाहिला. लाल होता, चमकीचा. घेऊनच आलो.

काळीपिवळी जीपच्या टपावर बाकीचे ड्रम बांधले, पण पायानं वाजवायचा मोठा बास ड्रम वर मावेना, म्हणून तो मांडीवर घेऊन आत बसलो. शेजारची म्हातारी बराच वेळ त्याच्याकडे पाहत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "बापू, पाण्याची टाकी लय लहान घेतली तुनं. उन्हाळ्यात कशी पुरंल?"

"मावशी, टाकी नाही. ढोल हाय हा."

"मंग त आणखीनच लहान हाय," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

घरी बाबा ओसरीवर बसले होते. बाबा शेतकरी. कमी बोलतात, आणि बोलतात तेही बहुतेक बैलांशी. ड्रम उतरताना पाहून त्यांनी एवढंच विचारलं, "हे वाजवाचे पैसे भेटतेत, का वाजवाले पैसे देतं तू?"

"भेटतेत," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. कारण मला ठाऊक होतं. माझे आजोबा डफडं वाजवायचे. म्हणजे त्यांना वाजवावं लागायचं. गावात लग्न कुणाचंही असो, मयत कुणाचीही असो, पुढे डफडं आमचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आजोबांनी ते खाली ठेवलं, ते कायमचं. त्यानंतर आमच्या घरात पुस्तकं आली, नोकऱ्या आल्या, वाद्य काही आलं नाही.

"माह्या बानं लोकायच्या दारात वाजवणं सोडलं," बाबा म्हणाले, "अन् तू टपावर बांधून घरी घेऊन आला."

"बाबा, हे आपल्या मर्जीनं हाय."

"पायतो," म्हणाले आणि उठून गोठ्याकडे गेले. त्यानंतर माझ्या वाजवण्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. चांगलं नाही, वाईट नाही. मला त्याचा राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटायचं. मंडपभर लोक शिट्ट्या मारायचे आणि मी मनात म्हणायचो, तुमच्या शिट्ट्या राहू द्या, माझ्या बापाला काहीतरी बोलायला सांगा.

ड्रमवर पहिला प्रयोग मी त्याच थंडीत केला. सकाळी गारव्यानं लहान ड्रम, म्हणजे स्नेअर, ढिला पडला होता. काठी मारली की ओल्या घोंगडीवर मारल्यासारखा भद्द आवाज. डफडं ढिलं झालं की वाजवणारे काय करतात हे मी लहानपणापासून पोळ्याला पाहत आलोय. पराट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायच्या आणि जाळावर डफडं शेकायचं. कातडं ताणलं जातं आणि खणखणतं. मीही अंगणात पराट्या पेटवल्या आणि स्नेअर शेकायला धरला. वरचा पडदा आधी सुरकुतला, मग पापडासारखा फुगला आणि मग मधोमध त्याला बशीएवढं भोक पडलं.

आई घरातून म्हणाली, "काय जळून राह्यलं रे? चप्पल टाकली का जाळात?"

बाबा गोठ्याच्या दारात उभे होते. ते हसले नाहीत, पण त्यांनी पाठ फिरवली आणि त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

तर पहिला सल्ला: आजकालच्या ड्रमचा पडदा प्लास्टिकचा असतो, त्याला शेकू नका. तो चावीनं ताणायचा. तेही एका बाजूनं ओळीनं नाही. एक स्क्रू पिळला की त्याच्या समोरचा, मग तिसरा आणि त्याच्या समोरचा, जीपचं चाक बसवताना नट कसतात तसं. आणि नवा ड्रम घ्यायची हौस आली तर आधी जुन्याला नवे पडदे लावून पाहा. निम्म्या लोकांची हौस तिथंच फिटते.

दुसरा प्रश्न होता जागेचा. बैठकीत ड्रम ठेवायला आईनं साफ नकार दिला. पाहुण्यांनी बसायचं कुठं, ढोलावर? राहिली मागची धान्याची खोली. आमच्याकडे सोयाबीन निघालं की बाबा ते लगेच विकत नाहीत. पोती, त्यांच्या भाषेत कट्टे, भरून, सुतळीनं शिवून, त्या खोलीत छतापर्यंत थप्पी लावतात आणि भाव चढायची वाट पाहतात. त्या वर्षी पीक बरं होतं. तिन्ही भिंती तागाच्या पोत्यांनी झाकून गेल्या होत्या आणि मधे एका खाटेएवढी जागा उरली होती. तिथं मी माझा लाल चमकीचा ड्रम बसवला. मला तो अपमान वाटला होता. कलाकाराला पोत्यांत बसवता म्हणजे काय!

हळूहळू चार माइक जमवले, आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी डबी आणली. एक माइक बास ड्रमच्या पोटात. त्या ड्रममध्ये उशी ठेवावी लागते, नाहीतर तो गावाबाहेरच्या विहिरीसारखा घुमतो. माझीच उशी ठेवली; तेव्हापासून मी चादरीची घडी डोक्याखाली घेऊन झोपतो. एक माइक स्नेअरच्या काठावर, असा तिरपा की काठी त्याला लागू नये. पहिल्या आठवड्यात ती तीनदा लागली. उरलेले दोन डोक्यावर, डावीउजवीकडे. हे दोन स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर पाहिजेत, नाहीतर आवाज पोकळ होतो. मी पोती शिवायच्या सुतळीनं अंतर मोजलं. आईला वाटलं मी खोलीत झोका बांधतोय.

आणि गोंगाट. माइकला आपपरभाव नसतो. तुम्ही ड्रम वाजवा की शेजारची बकरी शिंको, तो दोन्ही सारख्याच आदरानं घेतो. फ्रीजची घरघर आली म्हणून मी फ्रीज बंद करायचो आणि पुन्हा लावायला विसरायचो. दूध नासलं की आई पहिल्यांदा ड्रमला शिव्या द्यायची, मग मला. भोंगा लावून भाजी विकणारा नेमका माझं सगळ्यात चांगलं वाजवणं रेकॉर्ड होत असताना गल्लीत यायचा. शिवाय मी कानात हेडफोन लावून वाजवायचो; गाणं आणि ठेक्याचं टिकटिक फक्त मला ऐकू यायचं आणि बाहेरच्यांना नुसता ड्रम. एकच जागा तीसदा. शेजारच्या काकूंनी आईला काळजीनं विचारलं, "बाई, पोरगा काहून एवढा चिडून राह्यला?"

बाबांचं मात्र एकच निरीक्षण होतं, आणि तेही त्यांनी आईला सांगितलं: "त्या खोलीतले उंदरं पळाले. एवढा फायदा झाला."

मग नागपूरच्या एका संगीत संयोजकाचा फोन आला. ऑर्केस्ट्रातल्या कुणीतरी माझा नंबर दिला होता. जयंतीसाठी आठ नवी गाणी निघणार होती, त्यांना मशीनचा नाही, खरा ड्रम हवा होता. नमुना म्हणून एक गाणं पाठवा म्हणाले. मी रविवारी सकाळी वाजवलं आणि भीत भीत पाठवलं. दुपारी त्यांचा फोन.

"भाऊ, स्नेअर जबरदस्त! अन् रूम काय सॉलिड आहे तुमची. अजिबात घुमत नाही. भिंतींना फोमची ट्रीटमेंट कोणाकडून केली?"

"आपणच केली," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पोती शिवायला सुतळी मीच आणून दिली होती.

"आठही गाणी तुम्हीच वाजवा. जयंतीच्या आधी महिनाभर सगळं हातात पाहिजे."

त्या दिवशी मी हवेतच होतो. पैसे ठीक होते, पण खरं कारण वेगळं होतं. जयंतीला आमच्या गावात दिवसभर गाणी वाजतात. विहारासमोर सगळे बसलेले असतात, बाबाही असतात. तिथं आपल्या बाबासाहेबांचं गाणं वाजेल आणि त्यातला ड्रम माझा असेल. कुणाच्या दारातला नाही, आपल्या दारातला. त्या दिवशी तरी बाबांना काहीतरी बोलावंच लागेल. मला त्या आठ गाण्यांतून एवढंच हवं होतं.

आवाजाचं सगळं श्रेय अर्थातच मी स्वतःला देत होतो. रिठदच्या एका ड्रमवाल्याला मी तासभर फोनवर माइक कसे लावायचे ते शिकवलं. त्यानं तसेच लावले आणि त्याचा ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. मी त्याला म्हणालो, भाऊ, हात सुधरव. त्यानं बिचाऱ्यानं दोन महिने हात सुधरवला.

तिसरं गाणं झालं आणि एके दिवशी बाबांनी पोती ऊन द्यायला अंगणात काढली. सोयाबीनला थोडी ओल वाटत होती. खोली रिकामी, ऐसपैस. मला आनंद झाला. म्हटलं आज मोकळेपणानं वाजवू. पहिली काठी मारली आणि दचकलो. आवाज भिंतीवर जाऊन परत आला, पुन्हा गेला, छतावरून खाली पडला. जणू पाच जण पाच ड्रम घेऊन बसलेत आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. मी माइक हलवले, उशी बदलली, पुन्हा सुतळीनं मोजलं. काही उपयोग नाही. दिवसभर अंगणात बसलेल्या बाबांनी संध्याकाळी पोती आत लावली. मी बसलो, काठी मारली, आणि तोच नागपूरला आवडलेला आवाज, गोळीबंद. मी काठ्या हातात धरून त्या पोत्यांकडे पाहत राहिलो. कपाळावर हात मारायला तेवढी जागाही नव्हती. रिठदवाल्याला मी फोन केला नाही. हिंमत झाली नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात सोयाबीनचा भाव चढायला लागला.

मग माझी जी अवस्था झाली ती मी कुणाला सांगू शकत नव्हतो. चहाच्या टपरीवर लोक खुशीत, "चढून राह्यला भौ, चढून राह्यला," आणि मी कोपऱ्यात उभा, मनात म्हणतोय, बस, आता नको. शेतकऱ्याचा मुलगा असून सोयाबीन उतरावं म्हणून जीव टाकणारा साऱ्या तालुक्यात मी एकटाच असेन. गावातली पोती टेम्पोत चढताना दिसली की मी उरलेली गाणी बोटांवर मोजायचो. पाच गाणी बाकी होती. शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत जेवढा वेळ मिळे तेवढ्यात एक गाणं व्हायला चार-पाच दिवस लागत.

रजया, गोधड्या, सतरंज्या टांगून पाहाव्यात असं मनात आलं, पण त्या पोत्यांचं जाडपण त्यांना कुठून येणार. शेवटी मी कावा केला. बाबांना मी भावाबद्दल सल्ला देऊ लागलो. मी, ज्याला आपलं शेत कुठं संपतं हे धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहूनही सांगता येत नाही!

"बाबा, आता इकू नका. आणखी चढंल."

"कोण म्हणते?"

"मोबाइलवर आलं. बाहेरच्या देशात पीक कमी हाय म्हणते."

"अस्सं," बाबा म्हणाले.

दोन दिवसांनी मी पाऊस आणला, त्यानंतर तेलाचे कारखाने. रोज एक नवी बातमी. बाबा प्रत्येक वेळी मान हलवायचे, "अस्सं," आणि पोती जिथल्या तिथं. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. ज्या माणसानं शेतीच्या बाबतीत माझं जन्मात ऐकलं नाही, तो माझ्या थापांवर थांबला होता. मनाला थोडं खातही होतं, पण मी म्हणायचो, अजून एक गाणं, मग सांगू. सहावं झालं. सातवं झालं. भाव एक दिवस थांबला आणि मग हळूच खाली सरकायला लागला. आता मात्र मला खरंच अपराधी वाटायला लागलं. मी बातम्या देणं बंद केलं, तर बाबांनीच विचारलं, "आज काय म्हणते तुया मोबाइल?" मी म्हणालो, रेंज नाही.

एकच गाणं उरलं असताना संयोजकाचा फोन आला.

"भाऊ, बाकी सगळं फर्स्ट क्लास. पण पाचव्या गाण्यात लोचा आहे. शेवटच्या कडव्याच्या आधी ड्रम थांबतो ना, नुसती बासरी आहे तिथं? तिथं तुमच्या माइकमध्ये कोणीतरी बोलून राहिलं. तेवढं पुन्हा वाजवून द्या."

बकरी असेल किंवा भाजीवाला, असं म्हणत मी लॅपटॉप उघडला. बासरी बंद केली, गाणं बंद केलं, फक्त डोक्यावरचे दोन माइक ठेवले आणि आवाज वाढवला. त्या जागी ड्रम बराच वेळ गप्प आहे. मी काठ्या धरून मात्रा मोजत बसलो होतो, कानात बासरी होती. बाहेर ओसरीवर बाबांचा फोन वाजला होता. ड्रम थांबला, म्हणजे माझं वाजवणं संपलं असं समजून त्यांनी तो उचलला होता.

"हं, बोला शेठ… माहीत हाय ना मले भाव. रोजच पाह्यतो… नाही, आज नाही काढत. … नाही हो, तुमाले नाही त कोणाले देईन? … पुढं उतरंल? उतरंल त उतरंल."

 मग शेठ, म्हणजे आमचं सोयाबीन घेणारा व्यापारी, काहीतरी विचारत असणार.

"पोराचं काम चालू हाय त्या खोलीत. कट्टे काढले की त्याचा आवाज बिघडते. … हो, तेच. ढोल वाजवते तो. जयंतीचे गाणे हायेत. … काय? … कसा वाजवते? आता काय सांगू तुमाले…"

आणि तिथं माझा रोल सुरू होतो. दणादण, दोन्ही हातांनी, शेवटच्या कडव्याआधीचा, ज्याचा मला केवढा गर्व होता तो रोल. बाबा पुढे बोलतायत हे कळतं, पण शब्द एकही कळत नाही. मी ते पंचवीसदा तरी ऐकलं. चारही माइक वेगवेगळे करून ऐकलं. ज्या एका वाक्यासाठी मी आठ गाणी घेतली होती ते वाक्य बाबा बोलले होते, आणि त्यावर मीच ड्रम वाजवून ठेवला होता. मला हसू आलं आणि मग त्या पोत्याला टेकून मी चांगलाच रडलो. उतरंल त उतरंल, म्हणे. आणि मी त्या माणसाला बाहेरच्या देशातलं पीक सांगत होतो.

तोंड धुऊन मी बाहेर आलो. बाबा ओसरीवर वखराचा दांडा तासत बसले होते.

"बाबा," मी म्हणालो, "सोयाबीन इकून टाका. आणखी उतरून राह्यलं."

"तुये गाणे झाले?"

"एक राह्यलं. अन् एक पुन्हा वाजवा लागते."

"ते कायले पुन्हा?"

"चुकलं थोडं," मी म्हणालो.

बाबांनी दांडा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं.

"मंग जाय ना, वाजव," ते म्हणाले. खिशातून फोन काढून त्यांनी तो बंद केला आणि बाजूला ठेवून दिला. "सोयाबीन काय पळून चाललं का?"

मी आत गेलो आणि दार लावून घेतलं.